वेळ संपते, खेळ संपत नाही: मुलाच्या पीएस५ खात्याची मर्यादा पुन्हा पुन्हा का सुटते

मे महिन्यात एका संध्याकाळी सहा वाजता मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून घरी आले. टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. ऊन उतरलं होतं, पण भिंती अजून तापलेल्याच होत्या. टीव्ही बंद होता. मुलगा आजीजवळ बसून शेंगा सोलत होता. मी सहज पीएस५ च्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या प्लेस्टेशन ५ कन्सोलच्या, मागच्या जाळीजवळ हात नेला तर हाताला गरम वाफ लागली. रोजच्या एका तासाची मर्यादा मी स्वतः लावली होती, आणि तो तास त्याने सकाळी दहालाच संपवला होता.

मर्यादा सुटण्याची ही तिसरी वेळ होती. प्रत्येक वेळी मी सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा काढायची, परत लावायची, कन्सोल बंद करून चालू करायची. मग आठ-दहा दिवस सगळं सुरळीत चालायचं, आणि पुन्हा तेच. मला वाटायचं यंत्रातच काहीतरी बिघाड आहे. यंत्र ठीक होतं. चूक माझ्या बघण्यात होती. जे दार मी रोज पक्कं बंद करत होते, तिथून मुलगा ये-जा करतच नव्हता.

ज्यांच्या घरी असंच चाललंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. आमच्याकडे पीएस५ आहे, म्हणून मुख्यतः त्याबद्दल. इतर कन्सोलविषयी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी हे बघा: कुणाच्या नावाने खेळ चालू आहे?

वेळेची मर्यादा यंत्राला लागत नाही, खात्याला लागते. सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. मुलाच्या खात्याला एक तास दिला म्हणजे त्या खात्याने एक तास खेळता येतं, एवढाच त्याचा अर्थ. त्याच कन्सोलवर बाबांचं खातं असेल आणि त्याला कुलूप नसेल, तर त्या खात्याने दिवसभर खेळता येतं. कन्सोलच्या दृष्टीने त्या वेळी एक मोठा माणूस खेळतो आहे. मुलाच्या हातात कंट्रोलर आहे हे कन्सोलला कळायचा काही मार्ग नाही.

म्हणून मर्यादा सुटली असं वाटलं की आधी सेटिंगला हात लावू नका. खेळ चालू असताना कन्सोलच्या होम स्क्रीनवर जाऊन बघा, वरच्या उजव्या कोपऱ्यात कुणाचं चित्र आहे. खेळ बंद झालेला असेल तर मोठ्यांच्या खात्यात जाऊन ट्रॉफींची यादी उघडा. गेममध्ये काही कमावलं की त्या खात्यात ट्रॉफी जमा होते आणि तिच्यापुढे तारीख येते.

मी ती यादी पहिल्यांदा उघडली तो दिवस मला नीट आठवतो. मुलाचे बाबा वर्षातून दोन-चारदा क्रिकेटचा गेम खेळत असतील, तोही मुलाने हाताला धरून बसवलं तर. त्यांच्या खात्यात फुटबॉलच्या गेमच्या अकरा ट्रॉफी होत्या. त्यातल्या दोन आषाढी एकादशीच्या दिवशीच्या. त्या दिवशी ते पंढरपुरात वारकऱ्यांना चहा-नाश्ता वाटत होते, रात्री उशिरा परतले होते. मी यादी बंद केली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. राग आला होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण इतके दिवस तो माझ्यापासून काहीतरी लपवत होता आणि मला पत्ताही नव्हता.

इथे करायच्या गोष्टी तीन आहेत. एक केली आणि दोन राहिल्या तर आठवड्याभरात आपण पुन्हा तिथेच येतो. माझं नेमकं तसंच झालं.

पहिली, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या खात्याला पासकोड लावा. सेटिंग्जमध्ये 'यूजर्स अँड अकाउंट्स', त्यात 'लॉगिन सेटिंग्ज'. तिथे चार अंकांचा लॉगिन पासकोड ठेवता येतो. कन्सोल सुरू होताच आपोआप लॉगिन होण्याची सोय याच पानावर असते. मोठ्यांच्या खात्यात ती बंद ठेवा.

दुसरी, नवं खातं उघडण्याची आणि पाहुणा म्हणून शिरण्याची वाट बंद करा. बाबांच्या खात्याला पासकोड लावला तेव्हा मला वाटलं, झालं काम. चार दिवसांनी लॉगिनच्या पानावर एक अनोळखी नाव दिसलं. मुलाने नवा यूजर तयार केला होता. तसं करता येऊ नये यासाठी 'फॅमिली अँड पेरेंटल कंट्रोल्स'मध्ये 'पीएस५ कन्सोल रिस्ट्रिक्शन्स' असा वेगळा भाग आहे. ही बंधनं मात्र खात्याची नाहीत, यंत्राची आहेत. नवा यूजर तयार करणं आणि गेस्ट लॉगिन दोन्हींना परवानगी नाही, असं तिथे ठरवता येतं.

तिसरी गोष्ट याच भागात दडलेली आहे आणि बहुतेक घरांत हीच राहून जाते. या भागात शिरायला पासकोड लागतो, आणि कन्सोल नवा असतो तेव्हा तो पासकोड ०००० असतो. तो बदलला नसेल तर तुमची सगळी बंधनं चार शून्यांच्या मागे ठेवलेली आहेत. बारा वर्षांच्या मुलाला हे चार शून्य शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत. वर्गातला एखादा मित्र आधीच सांगून मोकळा झालेला असतो.

पासकोड निवडतानाही सांभाळा. मी आमच्या स्कूटरचे आकडे घातले होते. एमएच १३ च्या पुढचे चार अंक, जे मुलगा रोज शाळेत जाता-येता माझ्या मागे बसून बघतो. जन्मसाल, लग्नाचं साल, मोबाइलचे शेवटचे चार अंक, घर नंबर, यातलं काहीही नको. आणि पासकोड घालताना मूल शेजारी बसलेलं नसावं, कारण आकडे कंट्रोलरने एकेक करून निवडावे लागतात आणि बोटांची हालचाल मोठ्या स्क्रीनसमोर सहज लक्षात राहते. दुसरीकडे, हा कन्सोलचा पासकोड तुम्ही स्वतःच विसरलात तर कन्सोल पूर्ण पुसून नव्याने मांडावा लागतो. म्हणून तो वहीत लिहून ठेवा, आणि वही मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. माझी कारखान्यातल्या टेबलाच्या खणात आहे.

घरात दोन मुलं असतील तर धाकट्याचं खातंही विसरू नका. आमची धाकटी सात वर्षांची आहे. तिला गेमचं फारसं वेड नाही, त्यामुळे तिच्या खात्यावरचा वेळ रोज शिल्लक राहायचा. दादाने तो गोड बोलून मागून घेतला होता. एक चॉकलेट दिलं की अर्धा तास, असा त्यांचा व्यवहार होता. तिच्या खात्यालाही आता पासकोड आहे आणि तो फक्त मला माहीत आहे.

खातं मुलाचंच आहे, वेळही संपली आहे, तरी खेळ चालू आहे

हा दुसरा प्रकार. मुलाची यात काहीच लबाडी नसते, सगळी गडबड आपल्या निवडीत असते.

'फॅमिली मॅनेजमेंट'मध्ये मुलाच्या नावावर गेलात की खेळण्याच्या वेळेचं पान येतं. तिथे किती वेळ, किती ते किती वाजेपर्यंत, कोणत्या वारी किती, हे सगळं आपण मन लावून भरतो. त्याच पानावर आणखी एक प्रश्न असतो: वेळ संपल्यावर काय करायचं? उत्तरं दोन. फक्त सूचना द्यायची, किंवा पीएस५ मधून लॉग आउट करायचं. सूचनेवर ठेवलं असेल तर वेळ संपल्यावर स्क्रीनवर एक छोटी पट्टी येते, थोडी थांबते आणि निघून जाते. खेळ पुढे चालूच राहतो.

माझ्या नणंदेकडे, जुळे सोलापुरात, मी हे डोळ्यांनी पाहिलं. भाचा खेळत होता, ती पट्टी आली, त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नणंद म्हणाली, "बघ की वहिनी, लावलंय मी सगळं, तरी थांबतच नाही." तिने खरंच सगळं लावलं होतं. फक्त ती एक ओळ सूचनेवर राहिली होती. लॉग आउटवर केली आणि प्रश्न मिटला.

पण लॉग आउट निवडण्याआधी मुलाशी बोला. वेळ संपली की खेळ मध्येच तुटतो आणि सेव्ह न झालेलं जातं. पहिल्या दिवशी आमच्याकडे मॅचच्या ऐंशीव्या मिनिटाला लॉग आउट झालं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्यांना ते क्षुल्लक वाटतं. आपण तासभर बसून जुळवलेला ताळेबंद सेव्ह करण्याआधी वीज गेली तर आपल्याला कसं वाटतं, हे मला त्या वेळी आठवलं. वेळ संपत आल्याची सूचना आधी येते, ती आली की नवी मॅच सुरू करायची नाही, असं आता आमचं ठरलं आहे. आणि मर्यादा एका तासाऐवजी सव्वा तास केली, कारण त्याच्या दोन मॅच आणि मधली जुळवाजुळव एका तासात बसतच नव्हती. मर्यादा खेळाच्या मापाने बेतली की ती मोडायची गरज कमी पडते, असा माझा अनुभव आहे.

मर्यादा लागते, पण भलत्याच वेळी

हा प्रकार सापडायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचा कन्सोल माझ्या भावाने आणला. तो दुबईला असतो. सुट्टीत आला तेव्हा मुलाचं खातंही त्यानेच मांडून दिलं. तेव्हा मी वेळ ठरवली होती संध्याकाळी ५ ते ८. साडेआठला आमच्याकडे पानं वाढली जातात. तरी रोज नऊ वाजले तरी टीव्ही चालू. मी ओरडायचे, मुलगा म्हणायचा, "आई, मी काही केलं नाही गं, चालूच आहे ते." तो खरं बोलत होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. याची मला आजही बोच आहे.

झालं असं होतं की खेळण्याच्या वेळेच्या पानावर मुलाचा टाइमझोनही निवडावा लागतो, आणि तिथे दुबई पडलं होतं. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे मी लावलेले ५ ते ८ आपल्याकडे साडेसहा ते साडेनऊ होत होते. मुलगा साडेपाचला बसला तर कन्सोल त्याला खेळू देत नव्हता, आणि नऊला मी बंद कर म्हणत होते तेव्हा कन्सोलच्या हिशेबाने साडेसातच वाजले होते.

दिवसाचा कोटाही त्याच घड्याळाने चालतो. रोजचा वेळ मध्यरात्री पुन्हा भरतो, पण मध्यरात्र त्या टाइमझोनची. दुबई असेल तर आपल्या रात्रीच्या दीडला. लंडन असेल तर हिवाळ्यात पहाटे साडेपाचला आणि उन्हाळ्यात साडेचारला. न्यूयॉर्क असेल तर उन्हाळ्यात आपल्या सकाळी साडेनऊला. सकाळी उठल्यावर मुलाला वेळच मिळत नाही आणि दहा वाजता अचानक भरपूर मिळतो, असं काही विचित्र दिसलं तर मुलाला विचारण्याआधी टाइमझोन बघा. परदेशातल्या नातेवाइकांनी खातं मांडून दिलं असेल तर हे सगळ्यात आधी. तिथे भारताचा टाइमझोन निवडायचा, एवढंच काम.

पेरेंटल कंट्रोलमध्ये मुलाचं नावच येत नाही

शेजारच्या इमारतीतल्या एका काकांचा फोन आला. त्यांनी नातवासाठी कन्सोल घेतला होता. दुकानातल्या मुलाने उत्साहाने खातंही तिथल्या तिथे उघडून दिलं. घाईत त्याने जन्मतारीख कुठली तरी जुनी टाकली. त्यामुळे नऊ वर्षांचा नातू खात्याप्रमाणे चांगला तिशीतला माणूस झाला. काका म्हणाले, "मी सगळीकडे हिंडलो, पण याला वेळ लावायची जागाच सापडेना." सापडणार कशी? मोठ्यांच्या खात्याला वेळेची मर्यादा लावता येत नाही. ते खातं कुटुंबात घेतलं तरी मोठा सदस्य म्हणूनच येतं.

याला मला माहीत असलेला सरळ उपाय एकच. आजोबांच्या किंवा वडिलांच्या खऱ्या खात्यातून फॅमिली मॅनेजमेंटमध्ये जायचं आणि खरी जन्मतारीख घालून मुलाचं नवं खातं तिथूनच तयार करायचं. ज्याने कुटुंब सुरू केलं तो फॅमिली मॅनेजर. त्याला धरून एका कुटुंबात सात जण बसतात. दुसऱ्या मोठ्या माणसाला पालक म्हणून नेमता येतं, म्हणजे आई-बाबा दोघांनाही मुलाच्या सेटिंग बदलता येतात. हे जरूर करा, नाहीतर बाबा बाहेरगावी असले की आईचे हात बांधलेले राहतात.

नव्या खात्यात जाताना एक दुखरी जागा आहे. जुन्या खात्यावर विकत घेतलेले गेम त्याच कन्सोलवर दुसऱ्यांना खेळता यावेत यासाठी जुन्या खात्यात 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' ही सोय चालू ठेवावी लागते. ती चालू असली की गेम मिळतात. पण सेव्ह केलेली प्रगती ज्याच्या खात्यात आहे त्याच्याचकडे राहते. नातवाने चार महिने जमवलेला संघ नव्या खात्यात येणार नव्हता. काकांना मी सांगितलं, हे त्याला आज सांगा, नवं खातं करून झाल्यावर नको. त्यांनी त्याला शेजारी बसवून सांगितलं, आणि जुन्या खात्यात एक शेवटचा सामना आजोबा-नातू मिळून खेळले. मग काकांनी जुन्या खात्याला पासकोड लावला.

आणि जन्मतारीख कधीच ढोबळ टाकू नका. ती नंतर सहज बदलता येत नाही, आणि कोणता गेम उघडेल, कुणाशी बोलता येईल, हे सगळं तिच्यावरच उभं आहे.

कन्सोल नीट आहे, पण फोन उघडा आहे

मुलाला वाढीव वेळ मोठ्यांच्या फोनवरून देता येतो. २०२५ मध्ये प्लेस्टेशनचं फॅमिली ॲप आलं, त्यातून तर हे फारच सोपं झालं. मूल वेळ मागतं, आपल्याला सूचना येते, आपण हो किंवा नाही म्हणतो. सोय उत्तम आहे, मी रोज वापरते. पण फोन ज्याच्या हातात, वेळही त्याच्याच हातात.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याचा दिवस म्हणजे टाकी, पिंप, कळश्या, बादल्या, अशी सगळी धावपळ. त्या तासा-दीड तासात माझा फोन कुठे आहे हे मला माहीत नसतं. मुलाला माहीत असतं. तीन वेळा पाण्याच्याच दिवशी वाढीव वेळ दिलेला निघाला, आणि तो मी दिलेला नव्हता. माझ्या फोनचा पॅटर्न त्याला दोन वर्षांपासून पाठ होता. आता फोनला बोटाचा ठसा आणि सहा अंकी पिन आहे. खात्याचा पासवर्डही बदलला, कारण तो फोनच्या ब्राउझरमध्ये सेव्ह होता. टू-स्टेप व्हेरिफिकेशनही चालू केलं. त्याचा कोड याच फोनवर येतो, म्हणून फोनचं कुलूप सगळ्यात महत्त्वाचं.

आणखी एक: फोनवरून केलेला बदल कन्सोलपर्यंत पोचायला घरातलं इंटरनेट चालू असावं लागतं. वीज गेल्यावर राउटर बंद असताना तुम्ही ऑफिसमधून मर्यादा बदललीत, तर ती लगेच लागेल अशी अपेक्षा धरू नका. घरी फोन करून विचारा.

आजीबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. सासूबाई म्हणायच्या, "पोरगं घरात तरी आहे, एवढ्या उन्हात तर हिंडत नाही, खेळू दे की." त्यांचं चुकत नव्हतं. त्रेचाळीस अंशांत मुलाला दुपारी बाहेर कोण पाठवेल? पण आजीचा होकार हीच मुलाची सगळ्यात मोठी पळवाट होती. मी त्यांना फॅमिली ॲप दाखवलं, कालच्या खेळाचे तास दाखवले. आकडा बघून त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशीपासून दुपारी सारीपाट निघाला. सासूबाई त्यात कुणालाच जिंकू देत नाहीत.

पैसे, वय आणि बोलणं

यात आमच्याकडे वारंवार बिघडलं नाही, म्हणून थोडक्यात.

मुलाच्या खात्याला स्वतःचं पाकीट नसतं, पैसे फॅमिली मॅनेजरच्या पाकिटातून जातात. महिन्याची मर्यादा शून्यावर ठेवा. मोठ्यांच्या खात्यात खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारण्याची सोय असते, तीही चालू करा. बाबांच्या खात्यातून खेळणारं मूल बाबांच्या कार्डापर्यंतही पोचलेलं असतं.

वयाची पातळी मुलाच्या वयाला धरून लावा. एखादा गेम त्यात अडला आणि तुम्हाला तो योग्य वाटला, तर सगळी पातळी वाढवू नका, तेवढ्या एका गेमला परवानगी देता येते. डब्यावर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा असतो, तो युरोपच्या पेगी संस्थेचा. तो आत काय दाखवलं आहे त्यावर ठरतो. गेम सोपा की अवघड याच्याशी त्याचा संबंध नाही. लहान आकड्याच्या गेममध्येही पैसे खर्च करायच्या जागा असू शकतात. त्यासाठी २०१८ पासून डब्यावर वेगळं चिन्ह येतं, ते शोधा.

अनोळखी लोकांशी बोलणं आणि मेसेज मी बंदच ठेवले आहेत. फोर्टनाइट, रोब्लॉक्ससारख्या गेमना स्वतःचं खातं आणि स्वतःचं पालक-नियंत्रण असतं. कन्सोलवरचं बंधन तिथे पुरेसं आहे असं धरून चालू नका, त्या गेमच्या आत जाऊनही बघा.

दुसरे कन्सोल असतील तर

निनटेंडो स्विचवर उलट असतं. निनटेंडोच्या पालकांसाठीच्या ॲपमधून लावलेली रोजची वेळ सगळ्या यंत्राला लागते, एकेका मुलाला नाही. दोन भावंडं असतील तर एकाने सगळा वेळ संपवला म्हणून दुसरं रडत बसतं. तिथेही वेळ संपल्यावर नुसता इशारा द्यायचा की गेम थांबवायचा, हे वेगळं ठरवावं लागतं. त्या ॲपमध्ये 'सस्पेंड सॉफ्टवेअर' चालू आहे का ते बघा.

एक्सबॉक्सवर मर्यादा मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली ग्रुपमधून लागते आणि पीएस५ सारखीच खात्याला चिकटते. मोठ्यांच्या खात्याला तिथे सहा अंकी पासकी लावता येते. ती नसेल तर वर सांगितलेला बाबांच्या खात्याचा किस्सा तिथेही घडणार.

लावून झाल्यावर तपासायचं कसं

सेटिंग केल्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी रविवारी सकाळी मुलालाच शेजारी बसवलं आणि म्हटलं, "आता तू सगळ्या वाटांनी आत शिरून दाखव." त्याने बाबांचं खातं उघडून बघितलं, उघडलं नाही. नवा यूजर करायला गेला, पासकोड विचारला. चार शून्य दाबले, लागले नाहीत. स्कूटरचे आकडे दाबले आणि माझ्याकडे बघून हसला. मग त्याच्या खात्यात आम्ही मुद्दाम थोडाच वेळ ठेवला आणि तो संपेपर्यंत दोघं खेळत बसलो. वेळ संपली, लॉग आउट झालं. तो म्हणाला, "आता खरंच बंद झालं गं." त्याच बैठकीत त्याने आपणहून सांगितलं की धाकटीच्या खात्यातून तो खेळायचा. मला तोवर ते माहीतच नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी मी ॲपमधला आठवड्याचा हिशेब बघते, तोही त्याच्यासमोर. मर्यादा पाळली गेली असेल आणि कन्सोल तरी तापलेला असेल, तर पुन्हा पहिल्या पायरीवर जायचं: कुणाच्या नावाने खेळ चालू होता?

सगळं बसल्यावरही एकदा आमची मर्यादा सुटली. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले होते. होम मैदानावरून सगळे रात्री परतले, भावंडांना एकत्र खेळायचं होतं, म्हणून मी गेस्ट लॉगिनला परवानगी दिली. पाहुणे गेले, गर्दी ओसरली, आणि ती परवानगी फेब्रुवारीपर्यंत तशीच उघडी राहिली. आता कुणासाठी काही उघडलं की त्याच क्षणी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाहुणे जाण्याच्या तारखेखाली लिहून ठेवते: गेस्ट बंद करणे.